कपाबाहेर पडलेला चहा : विज्ञान कादंबरीचा हिशेब कसा मांडायचा

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी विज्ञानकथा छापून आली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात, वजनरहित अवस्थेत, दोघंजणं लक्ष्मीपूजन करतात असा तिचा शेवट होता. ‘समईची ज्योत नेहमीसारखी उभी, शांत तेवत होती,’ असं मी लिहिलं होतं. अंक येऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच कराडहून एका निवृत्त गृहस्थांचं पोस्टकार्ड आलं. कथा आवडल्याचं एक वाक्य आणि खाली एक प्रश्न : ‘ज्योत उभी का असते?’

मी २८ वर्षं सातारला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. ज्योत उभी असते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. वजनच नसेल तर हलकं-जड हा भेद उरत नाही आणि ‘वर’ ही दिशाही उरत नाही. तिथे ज्योत लहान, गोल आणि निळसर होते. अवकाशात असे प्रयोग प्रत्यक्ष झालेले आहेत. हे सगळं मला माहीत होतं. तरी लिहिताना ते सुचलं नाही, कारण डोळ्यांसमोर आमच्या देवघरातली समई होती.

विज्ञानकथा लिहिणाऱ्याची खरी अडचण ही आहे. माहिती कमी पडते असं नाही. आपला डोळा घरची सवय घेऊन अंतराळात जातो. हिशेब करायचा तो ही सवय मोडण्यासाठी, न पाहिलेली जागा दिसावी म्हणून. आता लिहीत असलेल्या कादंबरीसाठी मी जी पद्धत बसवली, ती इथे सविस्तर सांगते. ज्यांना असं लिहायचंय त्यांना तिचा उपयोग होईल.

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर आकडा, आणि उजव्या पानावर त्या आकड्यामुळे माणसाचं काय होतं ते. उजवं पान कोरं राहिलं तर तो आकडा कादंबरीत घ्यायचा नाही, मग तो काढायला आठ दिवस गेले असले तरी.

पहिल्याच पानावर आपण काय उसनं घेतलंय ते लिहून ठेवा. विज्ञान कादंबरीत आज नसलेली एक गोष्ट ‘आहे’ असं धरायची मुभा असते. माझ्या मते एकच. माझ्या कादंबरीत ती म्हणजे एका खोलीत मावेल एवढी अणुसंलयनाची, म्हणजे हलक्या अणूंचे गाभे एकत्र जोडून ऊर्जा काढणारी, भट्टी. संलयन शक्य आहे, सूर्य त्यावरच चालतो. पण त्यातून घरोघरी पुरेल अशी वीज अजून कोणी काढलेली नाही. ती निघते असं मी धरलं. बाकी सगळं आज ठाऊक असलेल्या नियमांनी चालवायचं, आणि ती भट्टीसुद्धा त्या नियमांतून सुटणार नाही. दुसरी उसनवारी करावीशी वाटली की समजा, कथानकात कुठेतरी गाठ बसलीय आणि ती सोडवायचा कंटाळा आलाय.

आता जागा ठरवा. माझं स्थानक चंद्राच्याच कक्षेत, चंद्राच्या ६० अंश मागे आहे. गणिती लग्रांजने १७७२ साली दाखवलेल्या पाच बिंदूंपैकी हा एक. तिथे ठेवलेली वस्तू साधारण तिथेच राहते. स्थानक चाकासारखं, त्रिज्या ५० मीटर, माणसं चाळीस. चाक स्वतःभोवती फिरतं, म्हणून आत चालणाऱ्याला वजन जाणवतं.

डावं पान : कडेच्या जमिनीचा वेग घ्या, त्याचा वर्ग करा, त्रिज्येने भागा. उत्तर पृथ्वीच्या ओढीएवढं, म्हणजे ९.८ हवं असेल तर जमीन सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने फिरली पाहिजे. एक फेरी सुमारे १४ सेकंदांत, मिनिटाला चारांहून थोड्या जास्त. मिनिटाला दोन फेऱ्यांपर्यंत बहुतेकांना गरगरत नाही असं सर्वसाधारणपणे धरतात, आणि त्यासाठी त्रिज्या सव्वादोनशे मीटरच्या आसपास लागते. मी आठवडाभर विचार केला आणि ५० मीटरच ठेवली. मोठं चाक बांधायला पैसे नव्हते, असं कादंबरीतला प्रत्येक जण म्हणतो. आणि त्या काटकसरीचा त्रास चाळीस माणसं रोज सोसतात. यातून मला दहा प्रसंग मिळाले. सव्वादोनशे मीटरच्या आरामशीर चाकातून तीनसुद्धा मिळाले नसते.

उजव्या पानासाठी एक साधी कृती घ्या आणि तिच्यामागे हात धुऊन लागा. मी चहा ओतणं घेतलं.

टेबल जमिनीपासून एक मीटर उंच, म्हणजे कप केंद्रापासून ४९ मीटरवर. किटली कपाच्या ३० सेंटिमीटर वर, म्हणजे ४८.७ मीटरवर. दोन्ही एकाच चाकाबरोबर फिरतायत, पण किटली केंद्राच्या जरा जवळ, म्हणून तिचा वेग जरासा कमी. चहा किटलीतून सुटला की त्याच्यावर चाकाची सत्ता संपली. सुटताना जो वेग होता तोच घेऊन तो सरळ रेषेत जातो. तो टेबलापर्यंत पोचायला पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्यात कप पुढे निघून जातो. वर्तुळ आणि त्यातली ती सरळ रेषा काढून कोन मोजला, तर फरक सुमारे सव्वादोन सेंटिमीटर येतो. छोटा कप असेल तर चहा थेट काठावर. दीड मीटर उंचीवरून एखादी वस्तू सोडली तर ती तब्बल २५ सेंटिमीटर मागे पडते.

हा आकडा हाताशी आल्यावर मला ते स्वयंपाकघर दिसायला लागलं. जुनी माणसं किटली आपोआप दोन बोटं पुढे धरतात. नवा माणूस ओळखायचा तो बशीतल्या चहावरून. कोणी त्याला शिकवत नाही, फक्त फडकं पुढे करतात. आणि सहा महिन्यांनी सुट्टीवर घरी आलेली माझी नायिका साताऱ्यात आईच्या ओट्यापाशी चहा ओतते, तेव्हा तो कपाच्या पुढे सांडतो. हा प्रसंग मी योजला नव्हता, वहीने दिला.

तसंच धावण्याचं. चाक फिरतंय त्याच दिशेने सेकंदाला पाच मीटरनी धावलात तर तुमचा एकूण वेग २७ होतो आणि वजन दीडपट. ६० किलोच्या बाईला ९० किलोचं ओझं जाणवतं. उलट दिशेने धावलात तर वेग १७, आणि तीच बाई ३६ किलोची. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना ‘डावीकडे-उजवीकडे’ पुरणार नाही. मी त्यांना ‘फिरतीकडे’ आणि ‘उलटीकडे’ असे दोन शब्द दिले. फिरतीकडे पळणं म्हणजे घाट चढणं. लहान पोरं शिवाशिवी खेळताना राज्य असलेल्याला फिरतीकडे पळवतात.

शब्दांचं निघालंय म्हणून सांगते. पारिभाषिक कोश उशाशी असू द्या, पण पात्रांच्या तोंडी घालू नका. ‘कृष्णविवर’ रुळलाय, ‘गुरुत्वाकर्षण’ शाळेपासून ओळखीचा; ते बिनदिक्कत वापरा. मात्र पाइप दुरुस्त करणारा माणूस ‘झडप निकामी झाली’ म्हणत नाही, तो ‘व्हॉल्व्ह गेला’ म्हणतो. माझी नायिका फिटर आहे. तिची भाषा मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये चार दुपारी बसून ऐकली. नटाचे ‘आटे गेले’, ‘वायसर टाकला नाही’, ‘पाना घसरला’. चाकाच्या मध्यभागी, जिथे वजन नाही, तिथे तिने पाना फिरवला की नट फिरायच्या ऐवजी तीच फिरते. आधी पाय कुठेतरी अडकवायचे, मग पाना उचलायचा. हे लिहायला कोशातला एकही शब्द लागला नाही.

आता उष्णता. इथे चांगलेचांगले लेखक चुकतात, म्हणून जरा थांबते. अंतराळ थंड, म्हणून भट्टी बंद पडली की सगळे गोठणार, असं आपण सहज लिहून जातो. पण थर्मासमधला चहा गरम राहतो तो दोन भिंतींमधली हवा काढून टाकल्यामुळेच, आणि स्थानकाच्या चारी बाजूंना तशीच पोकळी आहे. वाऱ्यावर वाफ जाणार नाही, पाण्यात बुडवून गार करता येणार नाही. उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग, किरणोत्सर्जन, म्हणजे तापलेल्या वस्तूने किरणांच्या रूपात उष्णता सोडणं. माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. भट्टी, यंत्रं, माणसं मिळून मी दहा लाख वॅट धरले. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा उत्तम काळा पत्रा दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट बाहेर टाकतो. दोन्ही बाजूंनी उत्सर्जन होईल असा, उन्हाला कड करून उभा केलेला पत्रा घेतला, तरी जवळपास ११०० चौरस मीटर लागतो. म्हणजे पावणेअकरा, अकरा गुंठे.

अकरा गुंठे म्हटल्यावर मला तो पत्रा शेतासारखा दिसला. त्याची राखण करावी लागणार, त्याला भोकं पडणार, त्याच्यावरून भांडणं होणार. कादंबरीच्या मध्यावर एक बारीक दगड तीन गुंठे निकामी करतो. मग स्थानकावर प्रश्न उभा राहतो, आधी काय बंद करायचं? कारखाना, शाळा, की वाफ्यांवरचे दिवे? गावकीच्या बैठकीसारखी एक रात्रभर चाललेली बैठक मी लिहिली, बत्तीस पानांची. जगातल्या कुठल्याही राक्षसाची मला गरज पडली नाही.

स्वयंपाकाचंही असंच बघा. हवेचा दाब पृथ्वीच्या निम्मा ठेवला तर भिंती हलक्या बांधता येतात, पण पाणी ८१-८२ अंशांनाच उकळतं आणि तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी धड शिजत नाही. कुकर लागणारच. त्यावर अर्धं पान लिहिलं आणि पुढे गेले.

अंतराचा हिशेब संवादासाठी करा. माझं स्थानक पृथ्वीपासून चंद्राइतकंच लांब, सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. रेडिओसंदेश जायला १.२८ सेकंद, उत्तर यायला तितकाच वेळ. आई विचारते, ‘जेवलीस का?’ आणि अडीच सेकंद काहीच ऐकू येत नाही. साताऱ्यातल्या आईला या शांततेचा एकच अर्थ माहीत आहे, पोरगी काहीतरी लपवतेय. ती लगेच दुसरं विचारते, तोवर पहिल्याचं उत्तर येतं, आणि दोघींचं बोलणं एकमेकींवर आदळतं. तीन महिन्यांनी आई मनातल्या मनात तीन अंक मोजायला शिकते. या फोनचं प्रकरण मी सगळ्यांत कमी वेळात लिहिलं.

नायिका मंगळावर असती तर हा फोन शक्यच नव्हता. जवळ असताना एका बाजूचा संदेश तीन मिनिटं घेतो, सर्वांत लांब असताना बावीस. तिथे संभाषण संपतं आणि पत्रव्यवहार सुरू होतो. दर २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो तेव्हा तर सुमारे दोन आठवडे धड संपर्कही नसतो. मंगळावरची कादंबरी लिहिणाऱ्याने हे दोन आठवडे आधी कॅलेंडरवर आखावेत. त्यातच काहीतरी घडवता येईल.

काही वेळा हिशेब प्रकरण देत नाही, काढून घेतो. तेही मान्य करायला हवं. माझ्या पहिल्या आराखड्यात एक यान प्रकाशाच्या एक दशांश वेगाने दुसऱ्या ताऱ्याकडे निघायचं. किती ऊर्जा लागेल ते काढलं. एक किलो वस्तुमानाला तो वेग द्यायला साडेबारा कोटी युनिट वीज. आमच्या जिल्ह्यात कोयनेचा प्रकल्प आहे, क्षमता १,९६० मेगावॉट. तो पूर्ण ताकदीने सलग ६४ तास चालला आणि एक ठिणगीही वाया गेली नाही, तर एक किलो साखरेची पिशवी त्या वेगाला पोचेल. आणि थांबवायला तेवढीच ऊर्जा पुन्हा.

बरं, इंधन बरोबर न्यायचं तर आणखी पंचाईत. बैलगाडीत बैलांचा कडबा भरला की कडब्याचं वजन ओढायला बैलांना जास्त खायला लागतं, तसं हे आहे. १९०३ साली रशियन रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने छापलेलं समीकरण सांगतं की इंजिनातून वायू ज्या वेगाने बाहेर पडतो त्याच्या दहापट वेग यानाला हवा असेल, तर निघतानाचं वजन पोचतानाच्या वजनाच्या २२ हजारपट लागतं. मी ते यान काढून टाकलं. दोन महिने वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की कुठेही पळून जाता न येणारी चाळीस माणसं एका चाकात आहेत, म्हणूनच ती बत्तीस पानांची बैठक इतकी तापते.

जमेल तेव्हा जागा बघून या. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी या वेधशाळेच्या महाकाय रेडिओ दुर्बिणी आहेत; प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, नारायणगाव परिसरात दूरवर पसरलेल्या. फोटोंवरून मला त्या भरीव वाटायच्या. खाली उभी राहिले तर डिशच्या आरपार ढग दिसत होते. ती बारीक तारांची जाळी आहे, एक ते दोन सेंटिमीटर छिद्रांची. रेडिओलहरी त्यापेक्षा कितीतरी लांब, त्यांना ही छिद्रं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो आणि सांगाड्यावर भार कमी येतो. ‘यंत्रासाठी भिंत, वाऱ्यासाठी वाट’ असं मी त्या रात्री वहीत उतरवलं. माझ्या स्थानकाची अँटेना मग तशीच झाली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. तिचं काम पुढे जाईल तसं जाऊन बघायचं माझ्या मनात आहे.

तज्ज्ञांना जरूर विचारा, पण प्रश्न नेमका हवा. ‘माझी कादंबरी वाचून चुका सांगाल का?’ या पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊही नये, त्यांची कामं असतात. ‘२७ अंशांच्या पत्र्याचा हा हिशेब मी असा केलाय, तिसऱ्या पायरीत चूक आहे का?’ या प्रश्नाला मला दोन दिवसांत उत्तर आलं. आधी स्वतः करायचं, मग तपासून घ्यायचं.

आणि आकडे फार चाळत बसू नका. कादंबरीला दशांश चिन्हानंतरचे चार अंक लागत नाहीत. दोन सेंटिमीटर की वीस, अकरा गुंठे की अकरा एकर, एवढं बरोबर असलं की पुरे.

वहीतलं कादंबरीत किती आणायचं? फार थोडं. चहाचा हिशेब माझ्या वहीत सहा पानं आहे. कादंबरीत त्याची तीन वाक्यं आहेत आणि त्यांत ‘कोनीय वेग’ हा शब्द नाही. एक पात्र दुसऱ्याला, दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट समजावून सांगतंय असा संवाद दिसला की मी तो खोडते. आपण घरी मिक्सर लावताना विजेचं चुंबकत्व सांगत नाही. मिक्सर बिघडला की मात्र बोलतो. तसंच करा, यंत्र बिघडेपर्यंत त्याच्याबद्दल बोलू नका.

शास्त्र पक्कं आहे म्हणून गोष्टीला सूट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःचं नाव न देता ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. खगोलशास्त्रज्ञाची म्हणून नव्हे, कथा म्हणून ती जोखली जावी, ही इच्छा. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मी माझा मसुदा दोघांना देते. एक माझी मावसबहीण, जिला भौतिकशास्त्राशी देणंघेणं नाही. तिने फक्त कंटाळा आला त्या पानाचा कोपरा दुमडायचा.

दुसरे कराडचे ते गृहस्थ. पोस्टकार्डाला मी उत्तर दिलं, तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार आहे. चहाचं प्रकरण वाचून त्यांनी कळवलं, ‘हिशेब बरोबर. पण ओतणारी बाई कुठे तोंड करून बसलीय?’ मी पान काढून पाहिलं. तीन वाक्यांत ते कुठेच नव्हतं, कारण मीच ते ठरवलं नव्हतं. आता ती फिरतीकडे तोंड करून बसते. चहाची धार तिच्याच अंगाकडे वळते, आणि पहिल्या दिवशी तिच्या मांडीवर चटका बसतो.